अदोल्फ केतले

बेल्जममधील घेंट शहरीं ता. २२ फेब्रुवारी १७९६ रोजीं अदोल्फ केतले यांचा जन्म झाला. ते सात वर्षांचे असतांनाच वडील निवर्तले, आणि ऐन तारुण्याच्या आरंभीं त्यांस शिक्षकाचा पेशा पत्करावा लागला. तरीहि अभ्यास न सोडतां १८१९ सालीं त्यांनीं घेंट विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी गणितांत मिळविली.

१८२३ सालीं ते पॅरिसला गेले ते ज्योतिषाचे वेध शिकावयास. परतले ते संभाव्यतेचें गणितहि घेऊन. एकाच ताऱ्याचा वेध शंभर वेळां घेतला तर शंभर आंकडे तंतोतंत सारखे येत नाहींत. लहान चुका पुष्कळ व मोठ्या फार थोड्या होतात, आणि त्यांचा आलेख काढिला असतां घंटेसारखी वक्ररेषा उमटते. मनुष्याच्या शरीराचीं मापेंहि ह्याच नियमानें चालत असतील काय, असा प्रश्न केतले यांस पडला.

स्कॉटलंडच्या ५,७३८ सैनिकांच्या छातीचीं मापें त्यांनीं तपासलीं. तीं ३३ इंचांपासून ४८ इंचांपर्यंत होतीं. परंतु बहुतेक ४० इंचांच्या आसपास दाटलेलीं, व दोन्ही टोकांस विरळ. तीच घंटा!

ह्याहून मौजेची गोष्ट फ्रान्समधील. तेथें १ मीटर ५७ सेंटिमीटरहून ठेंगण्या तरुणांस सक्तीच्या फौजी नोकरींतून माफी असे. एक लक्ष तरुणांच्या उंचीचे आंकडे केतले यांनीं वक्ररेषेशीं ताडून पाहिले, तों त्या मर्यादेखालीं सुमारें दोन हजार माणसें जास्त आणि तिच्या लगेच वर जवळजवळ तितकींच कमी! लोकांनीं उंची चोरून फौज टाळली होती हें त्यांनीं घरबसल्या ताडिलें.

वजनास उंचीच्या वर्गानें भागण्याची रीतहि त्यांचीच. १९७२ सालीं अँसेल कीज यांनीं तिला नवें नांव देऊन पुढें आणिलें. मात्र केतले यांचा रोख समाजाच्या सरासरीवर होता, एकेका माणसावर नव्हता. त्या सरासरीचा त्यांस मोह पडला, व सरासरी मनुष्य हाच निसर्गाचा आदर्श असें ते मानूं लागले. येथें ते चुकले असें आम्हांस वाटतें. त्यांच्यामागून आलेल्या गॉल्टन यांनीं माणसामाणसांतील फरकालाच महत्त्व दिलें.

१८५५ सालीं झालेल्या झटक्यानें केतले यांची स्मृति क्षीण झाली, तरी ता. १७ फेब्रुवारी १८७४ रोजीं ब्रुसेल्स येथें निधन होईपर्यंत त्यांचें काम चालूच होतें.

रक्तपरीक्षेच्या कागदावर ज्या दोन मर्यादा छापलेल्या असतात, त्या पुष्कळदां ह्याच वक्ररेषेवरून ठरवितात. निरोगी माणसांची सरासरी घेऊन तिच्या दोन्ही बाजूंस प्रमाण विचलनाच्या सुमारें दुप्पट अंतरावर रेघ ओढितात. त्यांमध्यें शंभरांतील पंचाण्णव येतात. बाहेर राहिलेले पांचहि निरोगीच असतात, ही गोष्ट पालकांनीं ध्यानांत ठेवावी. रोग कोठें सुरू होतो तें वक्ररेषा सांगत नाहीं. तें रोग्यांकडे पाहूनच ठरवावें लागतें. केतले यांच्या भागाकारांत प्रौढांसाठीं २५ च्या पुढें वजन जास्त धरितात. परंतु आशियांतील पुष्कळ लोकांस त्याहून कमी आंकड्यांतहि मधुमेह जडतो असें दिसून आल्यामुळें २००४ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीं त्यांच्याकरितां २३ हा सावधगिरीचा आंकडा सुचविला. मुलांची मोजणी वयाप्रमाणें निराळ्या कोष्टकांवरून होते.