चित्रकाराच्या घरातला लेथ

एडिंबरोच्या यॉर्क प्लेस या रस्त्यावरील एका घरात चित्रकार अलेक्झांडर नास्मिथ राहत असत. निसर्गचित्रांसाठी स्कॉटलंडभर नावाजलेल्या या कलावंताला यंत्रांचाही नाद होता. कुंचल्यांच्या जोडीने त्यांनी घरातच एक छोटी कर्मशाळा थाटली होती आणि तीत पायाने चालवायचा एक लेथ होता. वाफेच्या घणाचा जनक म्हणून पुढे जगभर कीर्ती मिळवणाऱ्या जेम्स नास्मिथची यंत्रविद्या सुरू झाली ती या लेथवर.

जेम्सचा जन्म १९ ऑगस्ट १८०८ रोजी झाला. घोकंपट्टीच्या शाळेत त्याचे मन रमले नाही. बाराव्या वर्षी त्याने हायस्कूल सोडले. मात्र वर्गमित्रांत त्याचा भाव वधारलेला असे, कारण लेथवर कातलेले त्याचे भोवरे जराही न डगमगता फिरत. तळघराच्या जुन्या पोकळ किल्ल्यांच्या तो छोट्या तोफाही करून देई. एका मित्राच्या वडिलांचा बिडाचा ओतकारखाना होता. शनिवारची सुट्टी तिथे घालवून त्याने ओतकामाची नजर मिळवली. मग स्वतःच्या झोपायच्या खोलीतच त्याने पितळ वितळवण्याची भट्टी मांडली! खालच्या खोलीत वडील झोपलेले. म्हणून पहाटे उठून साच्यातली वाळू आवाज न करता दाबायची, अशी त्याची रीत होती. त्यातून तयार झालेल्या एका छोट्या वाफयंत्राने वडिलांचे तैलरंग घोटण्याचे काम पत्करले. अशी यंत्रे विकून आलेल्या पैशांतून त्याने एडिंबरो विद्यापीठातील व्याख्यानांची फी भरली.

लंडनच्या हेन्री मॉडस्ले यांच्या कारखान्यात शिकावे, ही त्याची मनीषा होती. पण एवढ्या नामांकित कारखान्यात उमेदवारी करायची तर मोठी रक्कम मोजावी लागे आणि तेवढी ऐपत चित्रकाराची नव्हती. शिवाय पैसे भरून येणाऱ्या उमेदवारांच्या उपद्रवाला कंटाळून मॉडस्ले यांनी ती प्रथाच बंद केली होती. १८२९ च्या मे महिन्यात पितापुत्र समुद्रमार्गे लंडनला पोचले, ते घरी घडवलेले वाफयंत्र आणि काही आराखडे घेऊन. मॉडस्ले यांनी ते यंत्र बारकाईने तपासले. त्यानंतर शिफारशीची गरज उरली नाही. आठवड्याला दहा शिलिंग पगारावर जेम्स त्यांचा खासगी मदतनीस झाला.

१८३१ मध्ये मॉडस्ले वारले. त्याच वर्षी जेम्स एडिंबरोला परतला, तो स्वतःचा कारखाना उभारण्याच्या जिद्दीने. त्याच्यापाशी भांडवल नव्हतेच. लंडनच्या कारखान्याने सौजन्याने करून दिलेले एका मोठ्या लेथचे बिडाचे ओतीव भाग तेवढे सोबत होते. ते कातायचे कशावर? घराजवळ भाड्याने घेतलेल्या लहानशा जागेत त्याने वडिलांचा तोच जुना लेथ हलवला. पायलेथवर हत्यार हातात धरावे लागते. लाकूड-पितळेला ते चालते, पण बीड आणि पोलादापुढे मनगट हरते. म्हणून त्याने या लेथला आपण घडवलेली स्लाइड रेस्ट आधीच जोडली होती. तीत हत्यार घट्ट आवळले जाते आणि स्क्रूच्या साहाय्याने सरळ रेषेत पुढे सरकते. पायलेथचा वेगही कठीण धातूला जास्तच. तेव्हा गती मंदावून जोर वाढवणारी योजनाही त्याने बसवली. जुने यंत्र हाती आले की पहिली दुरुस्ती त्या यंत्राचीच करावी लागते, हे आजही घरी लेथ बसवणाऱ्या हौशी मंडळींना अनुभवाने कळते.

घरगुती लेथवर मोठ्या लेथचे भाग कातून झाले. त्या मोठ्या लेथवर २० इंच रुंद आणि ३६ इंच लांब पृष्ठभाग सपाट करणारे रंधायंत्र घडले. मग या दोघांच्या मदतीने भोके पाडण्याची व इतर कामांची यंत्रे तयार झाली. एवढ्या सामग्रीनिशी १८३४ मध्ये त्याने मँचेस्टर गाठले आणि एका जुन्या गिरणीतला मजला भाड्याने घेतला. तिथे एका अवजड इंजिनाची तुळई जमीन फोडून खालच्या काचकारागिराच्या दुकानात कोसळली. साहजिकच जागा बदलावी लागली. १८३६ मध्ये पॅट्रिक्रॉफ्ट येथे कालव्याच्या काठी ब्रिजवॉटर फाउंड्री उभी राहिली.

वाफेच्या घणाचा आराखडा त्याने १८३९ मध्ये काढला, तर पेटंट १८४२ मध्ये घेतले. मधल्या काळात फ्रान्समधील क्रझो येथे असा घण बनलाही होता. आपोआप चालणाऱ्या यंत्रांमुळे कमी कसबी मजुरांकडूनही अचूक काम करून घेता येई, याचा त्याला अभिमान होता. कामगार संघटनांशी मात्र त्याचे कधी जमले नाही. स्वतःच्या हातांच्या कसबावर मोठा झालेला हा माणूस इतरांच्या कसबाची किंमत यंत्रांनी उतरवत होता, ही विसंगती त्याला जाणवलेली दिसत नाही.

वयाच्या ४८ व्या वर्षी, १८५६ मध्ये त्याने धंद्यातून निवृत्ती घेतली आणि तो केंट परगण्यात राहायला गेला. स्वतः बनवलेल्या दुर्बिणींतून त्याने चंद्राचे वर्षानुवर्षे निरीक्षण केले. जेम्स कार्पेंटरसह लिहिलेला त्याचा चंद्रावरील ग्रंथ १८७४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील चित्रांसाठी चंद्रावरील डोंगर-विवरांच्या प्लॅस्टरच्या प्रतिकृती त्याने आपल्या हातांनी घडवल्या होत्या. ७ मे १८९० रोजी लंडनमध्ये त्याचे निधन झाले.