जिनिव्हाचा परका पाद्री

शाळेच्या इतिहासात जॉन कॅल्व्हिन मला दीड ओळीत भेटला होता. ल्यूथरनंतरचा धर्मसुधारक, गाव जिनिव्हा, एवढंच. परीक्षेत त्याच्यावर प्रश्न आला नाही आणि मी त्याला विसरून गेलो. तो पुन्हा भेटला बँकेच्या नोकरीत, एका लहानशा गावच्या शाखेत असताना. रात्री जेवणानंतर वाचनाशिवाय तिथे दुसरा विरंगुळा नव्हता.

दिवस जायचा मुख्य कचेरीच्या परिपत्रकांत. नियम सगळ्या शाखांना एक, माणसं मात्र शाखागणिक निराळी. कर्जाचा इंग्रजी फॉर्म शेतकऱ्यांना कळेना, म्हणून मी त्याचा मराठी तर्जुमा हातानं लिहून भिंतीवर लावला. तपासणीला आलेल्या साहेबांनी त्याबद्दल माझ्याकडून लेखी खुलासा मागितला. सगळीकडे सारखं काय असावं आणि जागेवरच्या माणसावर काय सोपवावं, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात घर करून बसला. कॅल्व्हिनचं आयुष्य तर याच प्रश्नाशी झुंजण्यात गेलं.

त्याचा जन्म १० जुलै १५०९ रोजी फ्रान्समधल्या नॉयों गावी झाला. शिक्षण कायद्याचं. नव्या धर्मविचाराचा म्हणून त्याला देश सोडावा लागला. १५३६ साली बाझल शहरात त्याचा धर्मतत्त्वांवरचा ग्रंथ छापला गेला, तेव्हा तो जेमतेम सव्वीस वर्षांचा होता. त्याच वर्षी तो स्ट्रासबर्गला निघाला, पण लढाईमुळे सरळ रस्ता बंद होता. म्हणून एका रात्रीपुरता जिनिव्हात उतरला. तिथल्या फारेल नावाच्या धर्मोपदेशकानं त्याला देवाच्या कोपाची भीती घालून अडवून ठेवलं. बुजऱ्या स्वभावाचा, पुस्तकात रमणारा हा माणूस असा नाइलाजानं पाद्री झाला.

दोन वर्षांतच खटका उडाला. शेजारच्या बर्न शहराच्या चालीरीती, उदाहरणार्थ प्रभुभोजनाला बिनखमिराची भाकर वापरणं, जिनिव्हाच्या नगरसभेनं परस्पर लागू केल्या. कॅल्व्हिनला भाकरीचं वावडं नव्हतं. चर्चला न विचारता सरकारनं हुकूम सोडावा, हे त्याला मान्य नव्हतं. १५३८ च्या ईस्टरला त्याची आणि फारेलची शहरातून हकालपट्टी झाली. गंमत म्हणजे, मागे राहिलेले त्याचे अनुयायी त्या भाकरीवरून भांडू लागले तेव्हा त्यानंच त्यांची समजूत घातली, की एवढ्या गोष्टीसाठी तंटा नको.

पुढची तीन वर्षं स्ट्रासबर्गमध्ये फ्रेंच निर्वासितांची मंडळी सांभाळण्यात गेली. तिथेच इदलेत या दोन मुलांच्या विधवेशी त्यानं लग्न केलं. त्यांचं स्वतःचं बाळ जगलं नाही आणि १५४९ मध्ये इदलेतही गेली.

१५४१ मध्ये जिनिव्हानं त्याला परत बोलावलं. आता तो तडजोड शिकला होता. प्रभुभोजन वारंवार व्हावं ही त्याची इच्छा. नगरसभेनं वर्षातून चार वेळाच ठरवलं, ते त्यानं मानलं. पाद्री, शिक्षक, वडीलजन आणि गोरगरिबांची काळजी घेणारे सेवक अशी चार पदं नेमली गेली. आठवड्याला पाद्री एकत्र बसून धर्मग्रंथ वाचत आणि ठरावीक काळानं एकमेकांच्या चुका एकमेकांना दाखवत. वरून साहेब येण्यापेक्षा ही तपासणी मला जास्त शहाणपणाची वाटते.

झ्युरिकच्या बुलिंगरशी प्रभुभोजनाच्या अर्थावरून त्याचे मतभेद होते. पत्रव्यवहार करकरून १५४९ मध्ये दोघांनी एक मसुदा मान्य केला. श्रद्धा जुळली, पण शिस्तीचा कारभार झ्युरिकमध्ये सरकारकडेच राहिला आणि जिनिव्हात वडीलजनांच्या सभेकडे. कोणी कोणाला आपल्यासारखं व्हायला लावलं नाही.

ही कथा इथे संपवली तर अप्रामाणिकपणा होईल. १५५३ मध्ये त्रैक्याचं तत्त्व नाकारणाऱ्या सर्व्हेटसला जिनिव्हात जिवंत जाळलं. शिक्षेआधी इतर स्विस शहरांचा सल्ला घेतला होता आणि सर्वांनी त्याला दोषीच ठरवलं. कॅल्व्हिननं जाळण्याऐवजी शिरच्छेद सुचवला, पण मृत्युदंड त्यालाही हवाच होता. एकवाक्यता होती, तरी न्याय नव्हता. कॅस्टेलिओसारख्या एखाद्यानंच विरोध केला. १९०३ मध्ये कॅल्व्हिनच्याच अनुयायांनी त्या जागेजवळ प्रायश्चित्ताचा दगड उभारला.

१५५९ मध्ये फ्रान्समधल्या मंडळ्यांची पहिली परिषद पॅरिसमध्ये गुपचूप भरली. श्रद्धेचा मसुदा जिनिव्हाहून आला होता, पण परिषदेनं त्यात आपले फेरफार केले. शिस्तीच्या नियमांत पहिलंच कलम असं घातलं, की कोणत्याही मंडळीनं दुसरीवर सत्ता गाजवू नये. स्कॉटलंडनं १५६० मध्ये आपली श्रद्धा आपल्या शब्दांत लिहिली. त्याच स्कॉटिश परंपरेतले जॉन विल्सन १८२९ साली मुंबईत आले आणि मराठी शिकले; गिरगाव चौपाटीवरचं विल्सन कॉलेज त्यांच्याच नावाचं.

जिनिव्हाचं नागरिकत्व कॅल्व्हिनला १५५९ च्या अखेरीस मिळालं. तोवर तो तिथे परकाच होता. २७ मे १५६४ रोजी तो वारला. त्याच्याच इच्छेनुसार कबरीवर नावाचा दगड बसवला नाही, त्यामुळे नेमकी जागा आज कोणालाच ठाऊक नाही.

तो मराठी तर्जुमा मी खुलासा देऊनही काढला नव्हता. बदली होऊन निघालो त्या दिवशीही तो भिंतीवर होता.