मनोरुग्णांचे कैवारी क्लिफर्ड बिअर्स

अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन येथे १८७६ मध्ये जन्मलेल्या क्लिफर्ड बिअर्स यांच्या थोरल्या भावाला अपस्माराचे झटके येत. आपल्यालाही तेच होणार, ही धास्ती येल विद्यापीठात शिकत असतानाच त्यांच्या मनात बसली. पदवी मिळाली, नोकरी लागली, पण धास्ती गेली नाही. जून १९०० मध्ये त्यांनी राहत्या घराच्या खिडकीतून उडी घेतली. पायांची हाडे मोडली, जीव वाचला.

पुढची तीन वर्षे बहुतांशी मनोरुग्णालयांत गेली. भेटायला येणारे नातलग तोतये आहेत, पोलिसांचे हेर आहेत, असे त्यांना वाटे. असा भ्रम समजूत घालून जात नाही, हे मनोरुग्णाच्या घरच्यांना चांगले ठाऊक असते. बिअर्स यांनी मात्र कसोटी स्वतःच रचली. ऑगस्ट १९०२ मध्ये त्यांनी भावाला गुपचूप पत्र धाडले आणि येताना तेच पत्र सोबत आणायला सांगितले. तोतयाच्या हाती ते पडणार नाही, हा हिशेब. भाऊ पत्र घेऊन आला आणि दोन वर्षांचा संशय काही क्षणांत विरला.

आजार मात्र संपला नव्हता. नैराश्याची जागा उन्मादाने घेतली. हात अंगाशी जखडणारा जाड कापडाचा अंगरखा घालून त्यांना रात्र रात्र ठेवले गेले. मारही बसला. हिंसक रुग्णांच्या कक्षात काय चालते ते पाहायचे म्हणून ते मुद्दाम तिथे दाखल होतील असे वागले, आणि जे पाहिले ते थेट राज्याच्या गव्हर्नरांना लिहून कळवले.

१९०३ मध्ये सुटका झाली. ते पुन्हा नोकरीत रुजू झाले आणि पुस्तक लिहू लागले. नुसता संताप ओकून खळबळ उडवणे सोपे होते. त्यांनी हस्तलिखित विल्यम जेम्स आणि अॅडॉल्फ मायर यांच्यासारख्या जाणकारांना दाखवले, त्यांच्या सूचना ऐकल्या. डॉक्टरांना सोबत घेतल्याशिवाय रुग्णालये सुधारणार नाहीत, हे त्यांनी ओळखले होते. ‘अ माइंड दॅट फाउंड इटसेल्फ’ १९०८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी कनेक्टिकटमध्ये आणि १९०९ मध्ये देशपातळीवर मानसिक आरोग्याची संघटना उभी राहिली. सुरुवातीला पदरचे काही नव्हते, कर्ज काढून काम चालले. १९३० मध्ये वॉशिंग्टनला पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिच्यामागेही तेच होते.

१९३९ मध्ये आजार उलटला. बिअर्स प्रॉव्हिडन्स येथील मनोरुग्णालयात दाखल झाले आणि १९४३ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले.