संत फ्रान्सिस झेवियर

मी तुम्हाला फार लांब फिरलेल्या एका माणसाची माहिती सांगतो.

फ्रान्सिस झेवियर यांचा जन्म ७ एप्रिल १५०६ रोजी स्पेनमधल्या नावारा भागात एका किल्ल्यात झाला. ते शिकायला पॅरिसला गेले. तिथे त्यांना इग्नेशियस लोयोला भेटले. १५३४ साली सात जणांनी मिळून गरिबीत राहून धर्माचे काम करायची शपथ घेतली.

पोर्तुगालच्या राजाला हिंदुस्थानात ख्रिस्ती धर्माच्या कामासाठी माणसे पाहिजे होती. जायचे ठरले होते दुसऱ्याचे, पण तो आजारी पडला. म्हणून झेवियर निघाले. ७ एप्रिल १५४१ ला लिस्बनहून त्यांचे जहाज सुटले. तेव्हा शिडाची जहाजे होती. वारा असेल तरच चालायची. वाटेत आफ्रिकेत मोझांबिकला बरेच महिने थांबावं लागलं. जहाजातली पुष्कळ माणसं आजारी पडली. झेवियर त्यांची सेवा करत होते. मग त्यांनाही ताप आला, तरी त्यांनी सेवा सोडली नाही.

६ मे १५४२ ला ते गोव्याला पोचले. म्हणजे तेरा महिने लागले! गोव्यात ते रोग्यांची सेवा करीत. हातात घंटा घेऊन रस्त्याने फिरत. घंटा ऐकली की पोरं गोळा व्हायची, मग ते त्यांना शिकवीत. आपल्या शाळेची घंटा वाजते तशीच.

पुढे ते दक्षिणेला समुद्रकाठच्या कोळ्यांमध्ये राहिले. मग मलाक्का आणि १५४९ साली जपानला गेले.

शेवटी त्यांना चीनमध्ये जायचे होते. पण परक्या माणसाला तिथे बंदी होती. १५५२ साली ते चीनजवळच्या शांगच्वान बेटावर थांबले. एका व्यापाऱ्याने गुपचूप नेतो असे कबूल केले होते. ते रोज वाट बघत. नाव आलीच नाही. नोव्हेंबरात थंडी पडली आणि त्यांना जोराचा ताप आला. जहाजावर नेलं तर ते हलत होतं, म्हणून परत बेटावर आणलं. एका झोपडीत ते पडून होते. त्यांच्याजवळ अँटोनियो नावाचा चिनी सोबती राहिला. ३ डिसेंबर १५५२ ला ते वारले. वय फक्त ४६ वर्षे होते.

१५५४ साली त्यांचे शव गोव्याला आणले. आता ते जुन्या गोव्याच्या चर्चमध्ये चांदीच्या पेटीत आहे. दर दहा वर्षांनी लोकांना दर्शन देतात. मागचे दर्शन २०२४ साली सुरू झाले होते. १६२२ साली त्यांना संत ठरवले. त्यांच्या कामाबद्दल सगळ्यांचे मत सारखे नाही, असे गुरुजींनी सांगितले. पण त्यांनी आजाऱ्यांची सेवा केली हे मला आवडले.

झोपडीचं वाचून मला लई वाईट वाटलं. मागच्या वर्षी माझे बाबा ऊस तोडायला गुजरातला गेले होते. तिथं पालात त्यांना थंडीताप आला. टोळीतल्या एका काकांनी एक दिवसाची मजुरी बुडवून त्यांना दवाखान्यात नेलं. म्हणून बाबा घरी आले.

दिवाळीनंतर आपल्यातले पुष्कळ पालक पुन्हा जातील. परगावी ताप आला तर अंगावर काढू नका. आणि आजारी माणसाला पालात एकटं सोडून फडावर जाऊ नका.

— इयत्ता ४ थी