गुरुदत्त : झोपेच्या शोधात हरवलेला प्रतिभावंत

१० ऑक्टोबर १९६४. मुंबईच्या पेडर रोडवरील भाड्याच्या घरात सकाळ उलटून गेली, तरी शयनगृहाचे दार उघडले नाही. अखेर ते उघडण्यात आले, तेव्हा गुरुदत्त यांची प्राणज्योत मालवली होती. वय अवघे ३९. मद्य आणि झोपेच्या गोळ्या यांच्या एकत्रित परिणामाने हिंदी चित्रपटसृष्टीतील एक विलक्षण प्रतिभा अकाली संपली.

९ जुलै १९२५ रोजी बंगळुरात जन्मलेल्या वसंतकुमार शिवशंकर पदुकोण यांचे बालपण कोलकात्यात गेले. अल्मोड्यात उदय शंकर यांच्याकडे नृत्याचे धडे घेतल्यावर १९४४ मध्ये ते पुण्याच्या 'प्रभात'मध्ये दाखल झाले. तेथेच देव आनंद यांच्याशी मैत्र जुळले. या मैत्रीतूनच १९५१ मध्ये 'बाजी'चे दिग्दर्शन त्यांच्याकडे आले. १९५३ मध्ये गायिका गीता रॉय यांच्याशी विवाह झाला. 'आरपार', 'मिस्टर अँड मिसेस ५५' आणि १९५७च्या 'प्यासा'ने त्यांना शिखरावर नेले.

मात्र १९५९ मध्ये आलेला, भारतातील पहिला सिनेमास्कोप चित्रपट 'कागज के फूल' साफ कोसळला. त्यानंतर दिग्दर्शक म्हणून त्यांनी स्वत:चे नाव पुन्हा लावले नाही. 'चौदहवी का चाँद'ला घवघवीत यश मिळाले, पण मन शांत झाले नाही. संसारात दुरावा आला, निद्रानाश बळावला. झोपेसाठी गोळी आणि विसरण्यासाठी प्याला, असे दुहेरी व्यसन जडले.

त्यांचा मृत्यू आत्महत्या होती की अपघात, याचा वाद आजही मिटलेला नाही. पुत्र अरुण दत्त यांनी तो अपघातच मानला. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने तशी शक्यता नाकारता येत नाही. मद्य आणि शामक औषधे दोन्ही मेंदूचे कार्य मंदावतात. एकत्र घेतल्यास त्यांचा परिणाम कैकपटींनी वाढतो; श्वसनाचे नियंत्रण करणारे केंद्र क्षीण होते आणि झोपेतच श्वास थांबू शकतो. शिवाय गुंगीत आधी गोळी घेतल्याचे स्मरण राहत नाही आणि हात पुन्हा बाटलीकडे जातो. त्या काळच्या बार्बिट्युरेट गोळ्यांची जागा पुढे डायझेपाम, अल्प्राझोलाम यांसारख्या चिंताशामक औषधांनी घेतली. ती तुलनेने सुरक्षित खरी. पण मद्यासोबत तीही जीवघेणी ठरतात. दीर्घकाळ घेतलेली गोळी एकाएकी बंद करणेही धोक्याचेच. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच हळूहळू कमी करावी लागते.

गीता दत्त यांचेही १९७२ मध्ये यकृताच्या विकाराने निधन झाले. तीन मुलांचे आई-वडील आठ वर्षांच्या अंतराने गेले.

आजही शहरात रात्री उशिरा घरी परतणाऱ्या अनेकांच्या उशाशी गोळ्यांची पट्टी असते. मद्य घेतले असेल, तर त्या रात्री तिला हात लावू नये. मन फारच खचले असेल, तर 'टेलिमानस'चा १४४१६ हा नि:शुल्क क्रमांक दिवसरात्र उपलब्ध आहे. गुरुदत्त यांच्या काळी असा आधार नव्हता.