विहिरीवरचे पाणी आणि पंडिता रमाबाई

एप्रिल महिना हा आपल्या चळवळीचा जयंतीचा महिना. ११ तारखेला महात्मा जोतीराव फुले आणि १४ तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर. याच महिन्यात, २३ एप्रिल १८५८ रोजी, आणखी एका व्यक्तीचा जन्म झाला आणि ५ एप्रिल १९२२ रोजी याच महिन्यात तिचे निधनही झाले. ती व्यक्ती म्हणजे पंडिता रमाबाई. रमाबाई म्हटले की आपल्या माणसांच्या डोळ्यांसमोर माता रमाई उभी राहते आणि ते साहजिकच आहे. परंतु या दुसऱ्या रमाबाईंचे नाव आपल्या व्याख्यानमालांत क्वचितच निघते. ती ब्राह्मण होती, पुढे ख्रिस्ती झाली, मग तिचा आपल्याशी काय संबंध, असे विचारणारे कार्यकर्ते आम्हाला भेटले आहेत. त्यांच्यासाठीच आजचा हा लेख.

न्यायालयातले काम आटोपून आम्ही पुष्कळदा नदी ओलांडून नारायण पेठेत जातो. या एका पेठेत दोन वास्तू आहेत. एक हुजूरपागा. जेथे पेशव्यांचे घोडे बांधले जात, तेथे १८८४ साली सुरू झालेली मुलींची शाळा उभी आहे. दुसरी केसरीवाडा. हा वाडा टिळकांनी १९०५ साली घेतला. म्हणजे रमाबाईंवर केसरीने तोफा डागल्या तेव्हा केसरी या वाड्यात नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण स्त्रीने शिकावे की नाही, शिकली तर काय शिकावे, आणि शिकून तिने स्वतःचा धर्म स्वतः निवडला तर काय करावे, हा जो वाद या शहराने घातला, त्याच्या दोन बाजू या दोन वास्तूंकडे पाहिले की आठवतात.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्यांनी पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. एवढ्या अपराधावरून स्वजातीयांचा रोष पत्करून हे कुटुंब सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात राहिले. पुढे पुराणे सांगत तीर्थोतीर्थी भटकणे हाच त्यांचा संसार झाला. १८७० च्या दशकातल्या दुष्काळाने आईवडील नेले. आईची तिरडी उचलायला चार माणसे मिळेनात. मोठ्या प्रयासाने दोघे जण आले, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथी रमाबाई. उंचीने लहान असल्यामुळे तिने तो भार डोक्यावर घेतला. सर्व व्रते, सर्व तीर्थे, सर्व दाने झाली होती. उपयोग शून्य.

१८७८ साली ही बहीणभावंडे कोलकात्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी परीक्षा घेऊन तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. याच काळात तिने धर्मशास्त्रे मुळातून वाचली आणि तिच्या ध्यानात आले की, या ग्रंथांचे आपसांत कशावरच एकमत नसले तरी एका गोष्टीवर आहे. ती म्हणजे स्त्री आणि शूद्र यांची अपात्रता. जोतीरावांनी हे बाहेरून ओळखले, हिने आतून वाचून ओळखले. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला ज्या ग्रंथाचे दहन झाले, त्याच्यावर एका ब्राह्मण कन्येने अर्धशतक आधी मनातल्या मनात निकाल देऊन टाकला होता.

१८८० साली तिने बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला. तो ब्राह्मणांच्या लेखी शूद्र. विवाह झाला तो १८७२ च्या तिसऱ्या कायद्याखाली. या कायद्याप्रमाणे विवाह करणाऱ्यांना आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती वगैरे कोणत्याच धर्माचे नाही असे लिहून द्यावे लागे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने रमाबाईंनी जन्माचा धर्म ख्रिस्ती होण्यापूर्वीच तीन वर्षे सोडला होता. मिशनऱ्यांनी तिला फसवून बाटवले असे म्हणणाऱ्यांनी हा कागद विसरू नये. १८८२ च्या फेब्रुवारीत बिपिनबाबू पटकीने गेले. पदरात मनोरमा ही तान्ही मुलगी.

त्याच वर्षी ती पुण्यास आली, आर्य महिला समाज स्थापन केला आणि हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष दिली. त्याच आयोगापुढे जोतीरावांनीही आपले निवेदन दिले होते. १८८३ साली ती इंग्लंडला गेली. वाँटेज येथील जोगिणींच्या मठात तिचा मुक्काम होता. त्यांनी तिला लंडनमध्ये फुलहॅम येथे चाललेले एक काम दाखवले. समाजाने ज्यांना पतित म्हणून टाकले, अशा स्त्रियांना त्या भगिनी पोटच्या मुलींसारखे सांभाळत होत्या. आपल्याकडे अशा स्त्रीला शास्त्र काय शिक्षा सांगते हे तिला पाठ होते. या बायका असे का वागतात, असे तिने विचारले. उत्तरादाखल तिला योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगण्यात आली.

ही गोष्ट आपण नीट ऐकली पाहिजे. यहुदी लोक शोमरोनी लोकांना नीच मानत, त्यांच्याशी व्यवहार ठेवत नसत. भर दुपारी येशू एका विहिरीजवळ बसला आणि पाणी भरायला आलेल्या शोमरोनी बाईकडे त्याने प्यायला पाणी मागितले. तीच चकित झाली. आपल्या हातचे पाणी हा कसा मागतो? ज्यांना चवदार तळे ठाऊक आहे, त्यांना या गोष्टीचे मर्म समजावून सांगावे लागत नाही. पाणी कोणाच्या हातचे चालते, यावर माणसाची किंमत ठरवणारी व्यवस्था रमाबाईंनी जन्मभर पाहिली होती. येथे तिला असा देव दिसला की जो स्वतः तहानलेला आहे आणि टाकलेल्या स्त्रीसमोर ओंजळ धरतो. २९ सप्टेंबर १८८३ रोजी तिने मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

पुण्यात गदारोळ उठला. त्या वेळी तिच्या बाजूने जाहीरपणे उभे राहिले ते जोतीराव. १८८५ साली त्यांनी सत्सार लिहून तिची कैफियत मांडली. स्वतः ख्रिस्ती न होता त्यांनी हे केले, हा धडा आहे.

रमाबाईंनी देव स्वीकारला, पण धनी स्वीकारला नाही. त्रैक्याचा सिद्धांत आणि पंथाचे मतपत्र तिने डोळे मिटून मान्य केले नाही. तिने पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असे बिशपांनी सुचवले, तेव्हा तिने आपली सदसद्विवेकबुद्धी कोणाकडे गहाण नसल्याचे कळवून टाकले. मनूचा जाच सोडून बिशपांचा पत्करायचा, हे तिला मंजूर नव्हते.

११ मार्च १८८९ रोजी तिने मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले आणि नोव्हेंबर १८९० मध्ये ते पुण्यास आणले. त्याच महिन्याच्या २८ तारखेला जोतीराव गेले. त्याच साली पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून पुढे टिळक-रानड्यांसारख्यांवर ग्रामण्य झाले आणि दोघांनीही प्रायश्चित्त घेतले! अशा शहरात एक ख्रिस्ती विधवा ब्राह्मण विधवांना शिकवू लागली. १८९१ च्या सुमारास तिला आतून एक नवा अनुभव आला. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असे तिला उमगले. प्रेम पुण्याईने कमवावे लागत नाही, ते फुकट मिळते, ही ती जाणीव. ती दार उघडे ठेवून प्रार्थना करी, मुली येऊन बसत. १८९३ साली त्यावरून वादळ झाले. रानडे, भांडारकर यांच्यासह सल्लागार मंडळाने राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या.

येथे आम्ही वकील म्हणून दुसरी बाजूही नोंदवतो. सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असे वचन होते. आश्रितावर आश्रयदात्याच्या श्रद्धेचा भार पडतोच, मग दार बंद असो की उघडे. पालकांचा हा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. शिवाय शारदा सदन आरंभी उच्चवर्णीय विधवांसाठीच होते आणि तेथे सोवळे सांभाळले जाई. आमच्या आयाबहिणींना त्या दारातून प्रवेश नव्हता.

ते दार दुष्काळाने उघडले. १८९६-९७ साली मध्य प्रांतात माणसे किड्यामुंग्यांसारखी मरत होती. रमाबाई तेथे गेली आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आली. पुण्यात प्लेग असल्यामुळे त्यांना केडगावच्या शेतावर नेले. तेथे १८९८ साली मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. आता जात विचारण्याचा प्रश्नच उरला नाही. अत्याचारित स्त्रियांसाठी कृपा सदन झाले, अंध मुलींसाठी वेगळी सोय झाली. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना, सगळे बायकांच्या हाती. हिब्रू आणि ग्रीक शिकून तिने बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणले आणि त्याचे खिळे मुक्तीच्या मुलींनी जुळवले. १९२१ साली मनोरमा गेली, पुढच्या वर्षी ती स्वतः.

आम्ही बौद्ध आहोत. ईश्वर आम्ही मानत नाही आणि ईश्वराच्या प्रेमाने दुःख सरते असेही मानत नाही. बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्मांतराचाही कठोर विचार केला होता. धर्म बदलूनही चर्चमध्ये जात शिल्लक राहते, हे त्यांनी दाखवून दिले. रमाबाईंचे धर्मांतर एकटीचे होते, १४ ऑक्टोबर १९५६ चे धर्मांतर समाजाचे होते. हा फरक मोठा आहे आणि तो राहील.

तरीही एक धागा समान आहे. माणूस धर्म बदलतो तो तांदळाच्या पोत्यासाठी, असे म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. आम्हालाही हेच ऐकवले गेले. राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदात सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आहे. ते केवळ आपल्या धम्मासाठी मागून चालणार नाही. आपल्या वस्तीतला एखादा भाऊ ख्रिस्ती झाला की त्याच्याशी बोलणे टाकणारे कार्यकर्ते आम्ही पाहिले आहेत. बौद्धांना १९९० साली अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या, ख्रिस्ती दलित मात्र अद्याप बाहेर आहेत, याचीही आपल्याला खंत वाटू नये?

त्याच्याशी वाद जरूर घालावा. पण तो तहानलेला दारात आला तर त्याला पाणी द्यावे आणि त्याच्या घरचे पाणी आपणही प्यावे. महाडचा संगर पाण्यापासूनच सुरू झाला होता.

जयभीम!