हिटलरच्या राजवटीने घरी बसवलेला प्रोफेसर आणि जगभरच्या खरेदी-विक्रीचा कायदा

१८८२ साली जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने एक चमत्कारिक निकाल दिला. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या काही प्रॉमिसरी नोटांचे पैसे थकले होते आणि वसुलीचा दावा लागला होता जर्मनीत. देणेकरी म्हणत होता की दाव्याची मुदत संपली आहे. टेनेसीच्या कायद्याने बघा नाहीतर जर्मनीच्या, दोन्हीकडे ती संपलेलीच होती.

तरी कोर्टाने त्याचं म्हणणं मान्य केलं नाही. कारण काय, तर व्यवहार टेनेसीचा, त्यामुळे जर्मन मुदत लागू नाही. आणि टेनेसीत मुदत हा कोर्टाच्या कामकाजाचा नियम मानतात. परक्या कोर्टाच्या कामकाजाचे नियम जर्मन कोर्ट कशाला पाळेल? म्हणजे दोन्ही देशांत बुडीत निघालेलं कर्ज दोन देशांच्या मधल्या फटीत सापडलं आणि अमर झालं!

ही फट बुजवायला ज्याने आयुष्य घातलं, त्या माणसाचं नाव अर्न्स्ट राबेल.

राबेल यांचा जन्म २८ जानेवारी १८७४ चा, व्हिएन्नाचा. वडील वकील. घराणं मूळचं ज्यू, पण राबेल स्वतः कॅथलिक होते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती लागणार आहे. शिक्षण व्हिएन्नातच झालं आणि सुरुवातीचा अभ्यास होता प्राचीन रोमन कायद्याचा. पुढे लाइपझिग, बाझल, कील, गॉटिंगेन असं शिकवत शिकवत १९१६ मध्ये ते म्युनिकला पोहोचले. तिथे त्यांनी तौलनिक कायद्याची, म्हणजे वेगवेगळ्या देशांचे कायदे शेजारी ठेवून अभ्यासण्याची एक छोटी संस्था काढली.

तोवर हा विषय म्हणजे ग्रंथालयात बसून करायची हौस होती. चित्र बदललं ते पहिल्या महायुद्धाने. जर्मनी हरली, १९१९ मध्ये व्हर्सायचा तह झाला. त्यातली भाषा आणि कल्पना इंग्रज-फ्रेंच कायद्यातल्या. युद्धाआधीचे व्यवहार, जप्त झालेली मालमत्ता, थकलेली देणी यांचे हजारो दावे लवादांपुढे उभे राहिले आणि समोरच्याचा कायदा नीट वाचू शकणारे वकील जर्मनीत फारच थोडे निघाले. परका कायदा माहीत नसण्याची किंमत थेट पैशांत मोजावी लागत होती. राबेल स्वतः जर्मन-इटालियन लवादावर बसले. पुढे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खोजूफ कारखान्याच्या गाजलेल्या खटल्यात ते जर्मनीच्या बाजूने नेमलेले न्यायाधीश होते.

१९२६ मध्ये बर्लिनमध्ये कैसर विल्हेल्म सोसायटीने परकीय आणि आंतरराष्ट्रीय खाजगी कायद्याची संस्था सुरू केली आणि संचालक म्हणून राबेल यांना आणलं. जागाही कसली, तर कैसरचा जुना राजवाडा! सम्राट पळून गेला होता, खोल्या रिकाम्या होत्या. तिथे पुस्तकं आली आणि देशोदेशीचे कायदे वाचणारी तरुण मंडळी आली. युरोपियन कमिशनचे पहिले अध्यक्ष झालेले वॉल्टर हालश्टाइन हे त्यांतलेच एक.

आता, खाजगी आंतरराष्ट्रीय कायदा म्हणजे काय? नवरा एका देशाचा, बायको दुसऱ्या देशाची. घटस्फोट कुठल्या कायद्याने? माल एका देशातून निघाला, पैसे दुसऱ्या देशातून यायचे होते. भांडण कुठल्या कायद्याने सोडवायचं? या प्रश्नांचं हे शास्त्र.

राबेल यांचा मुद्दा असा होता की नुसती कलमं शेजारी ठेवून उपयोग नाही. आधी प्रश्न बघा. माल खराब निघाला तर गिऱ्हाइकाला काय मिळतं? मग प्रत्येक देशात कायदा, कोर्टाचे निकाल, बाजाराचा रिवाज मिळून त्याचं काय उत्तर देतात ते शोधा. नावं वेगळी असतात, काम बरेचदा एकच असतं. १९३१ च्या एका लेखात त्यांनी हीच पद्धत टेनेसीसारख्या पेचांना लावली. परक्या नियमावर आपल्या कायद्याचं लेबल चिकटवू नका, तो नियम प्रत्यक्षात काय करतो ते तुलनेने ठरवा.

याच सुमारास रोममध्ये 'युनिद्र्वा' ही देशोदेशीचे खाजगी कायदे जुळवून घेण्यासाठीची संस्था नवी होती. मालाच्या खरेदी-विक्रीचा सगळ्या देशांना चालेल असा एकच कायदा करू, असं राबेल यांनी तिला सुचवलं. १९२९ मध्ये प्राथमिक अहवाल दिला, १९३५ मध्ये पहिला मसुदा तयार झाला.

पण १९३३ मध्येच हिटलर सत्तेवर आला होता. राबेल कॅथलिक असले तरी नाझी कायदा धर्म बघत नव्हता, आजी-आजोबा बघत होता. आधी विद्यापीठातली खुर्ची गेली. १९३६ मध्ये त्यांच्या खरेदी-विक्रीच्या कायद्यावरच्या ग्रंथाचा पहिला खंड निघाला आणि १९३७ मध्ये संस्थेचं संचालकपदही गेलं. अकरा वर्षं उभी केलेली संस्था आणि ग्रंथालय तिथेच राहिलं. काम दुसऱ्याच्या हाताखाली चालू राहिलं.

१९३९ मध्ये राबेल अमेरिकेला निघून गेले. वय ६५. ज्या वयात लोक पेन्शन घेतात, त्या वयात ते निर्वासित झाले. युरोपात नावाला वजन होतं, अमेरिकेत मोठी खुर्ची कुणी दिली नाही. मिशिगन विद्यापीठाने संशोधक म्हणून जागा दिली. तिथे त्यांनी देशोदेशीच्या कायद्यांमधल्या संघर्षावर इंग्रजीत चार खंडांचा ग्रंथ लिहायला घेतला. पहिला खंड १९४५ मध्ये आला, चौथा १९५८ मध्ये. चौथा बघायला ते नव्हते. ७ सप्टेंबर १९५५ ला झुरिकमध्ये त्यांचं निधन झालं होतं.

युद्धानंतर ते जर्मनीत परतले होते, ट्यूबिंगेन आणि बर्लिनमध्ये शिकवतही होते. बॉम्बहल्ल्यांमुळे संस्था बर्लिनहून ट्यूबिंगेनला हलवली होती. पुढे ती मॅक्स प्लांक संस्था म्हणून हॅम्बुर्गला गेली आणि आजही तिथे आहे. त्यांनी १९२७ मध्ये सुरू केलेलं नियतकालिक १९६१ पासून त्यांच्याच नावाने निघतं.

आणि तो खरेदी-विक्रीचा कायदा? १९६४ मध्ये हेगला त्याचा पहिला अवतार मंजूर झाला, पण थोड्याच देशांनी तो घेतला. मग संयुक्त राष्ट्रांनी काम हाती घेतलं. ११ एप्रिल १९८० ला करार झाला तो राबेल यांच्याच गावी, व्हिएन्नात. १ जानेवारी १९८८ पासून तो लागू आहे. आज ९० हून जास्त देश त्यात आहेत. अमेरिका, चीन, जर्मनी, नेदरलँड्स सगळे.

ब्रिटन नाही आणि भारतही नाही. आपल्याकडे अजून १९३० चा माल विक्री कायदाच चालतो. त्यामुळे नाशिकची द्राक्षं नेदरलँड्सला पाठवणाऱ्याने भांडण झालं तर कुठला कायदा लागेल हे करारातच लिहून घेतलेलं बरं. नाही लिहिलं आणि नियमांनी बोट डच कायद्याकडे दाखवलं, तर त्याच्या पेटीचा हिशोब व्हिएन्नाच्या कराराप्रमाणे होऊ शकतो.